दोन उधाणांमधलं घरटं

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, मेनपासून व्हर्जिनियापर्यंतच्या खाजणांत, सॉल्टमार्श स्पॅरो हा चिमणीएवढा पक्षी घरटी करतो. मादी गवतात, वीतभरही उंच नाही असं घरटं विणते. अंडी घातल्यापासून पिल्लं घरटं सोडेपर्यंत साधारण साडेतीन आठवडे जातात. मोठं उधाण येतं सुमारे चार आठवड्यांनी. एवढ्याच फटीत तिचा संसार बसतो. तापमानवाढीने समुद्र चढतो आहे आणि ती फट मिटते आहे. अंडी वाहून जातात, पिल्लं बुडतात. 1998 ते 2012 या काळात ही पाखरं दरवर्षी सुमारे 9 टक्क्यांनी घटली. रस्त्यांमुळे, बांधकामांमुळे खाजणालाही मागे सरकायला जागा नाही. ती जागा राखणं माणसाच्याच हाती आहे.