आरोपीचे २४ तास

७ नोव्हेंबर आला की शाळांतून विद्यार्थी दिनाचे फलक लागतात. १९०० साली याच दिवशी सातारच्या सरकारी, म्हणजे आजच्या प्रतापसिंह, हायस्कुलात ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव पटावर चढले. रजिस्टरमधला क्रमांक १९१४. भाषणे होतात ती बाबासाहेबांच्या अभ्यासावर. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी घटना समितीत काय मांडले, ते सहसा कोणी सांगत नाही.

आजच्या कलम २२ चा मसुदा मांडला. अटक का केली ते सांगा, वकील भेटू द्या, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करा. फौजदारी कायद्यात हे होतेच. पण जीवित-स्वातंत्र्याच्या कलमातून ‘योग्य प्रक्रिये’ची अट आधी गळली होती. ही तिची भरपाई, असे त्यांनी सभागृहात मोकळेपणाने सांगितले.

शासनाने विद्यार्थी दिन ठरवला २०१७ मध्ये. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरच्या रात्री सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत लुटीच्या गुन्ह्यातला एक तरुण मरण पावला. आरोपी पळाला, असे आधी सांगण्यात आले. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचे मग उघड झाले आणि उपनिरीक्षकासह पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. लूट सिद्ध झाली असती तरी तिला फाशी नव्हती. दोषी ठरल्यावरही सत्र न्यायालयाला किती शिक्षा द्यायची यावर आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकावे लागते. इथे दोषारोपपत्रापर्यंतही गोष्ट गेली नाही.

आरोपी झालेल्या त्या पोलिसांनाही तेच कलम २२ लागू झाले. व्हायलाच हवे.

आणि आपण? भर बाजारातून आरोपीची धिंड निघाली की मोबाइल वर होतात, ‘असंच पाहिजे’ म्हणतो. धिंड ही शिक्षा कोणत्या कायद्यात आहे, हे विचारणारा मात्र गुंडांचा कैवारी ठरतो.

कागदावरचा हक्क कोर्टात कसा विरतो तेही पाहण्यासारखे आहे. रिमांडला दंडाधिकारी विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?” शेजारी तोच हवालदार, ज्याच्याबरोबर पुन्हा कोठडीत जायचे. “नाही साहेब.” झाले! वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देते. गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन मागणे हा हक्कच होतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो, हे आत बसलेल्याला सांगणार कोण?

यंदा सातारा-सांगलीच्या शाळांनी दहावीचा एखादा वर्ग रिमांडच्या वेळी कोर्टात न्यावा. कोर्ट सहसा सर्वांना खुले असते. मागच्या बाकांवर बसता येते. एखादा ज्येष्ठ वकील मुलांना समोर काय चालले आहे ते नंतर समजावून देईल. वक्तृत्व स्पर्धा आठवडाभर पुढे गेली तरी चालेल.