थिएटर आतून वाचवा

३ मे आला की दादासाहेब फाळक्यांची आठवण निघते. १९१३ साली याच तारखेला गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि भारतीय चित्रपटाचे वय आपण त्या दिवसापासून मोजू लागलो. त्याआधी २१ एप्रिलला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला होता. आज कॉरोनेशन नाही आणि ऑलिंपियाही नाही. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली, ती गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये. तेही पाडले गेले. आता तिथे मॅजेस्टिक नावाचे शॉपिंग सेंटर आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची निदान काही रिळे उरली. ‘आलम आरा’ची तर प्रतही हाती लागत नाही, म्हणजे चित्रपटही गेला आणि तो जिथे लागला ते घरही गेले.

चित्रपट जपायला हवेत, हे आपल्याला उशिरा का होईना पटले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने उभी हयात डबे गोळा करण्यात घालवली. आज जुन्या चित्रपटांच्या स्वच्छ केलेल्या प्रती पाहायला मिळतात, त्यामागे ही पुण्याई आहे. पण ज्या जागेत हजार माणसे एकाच वेळी हसली, रडली, पडद्यावर नाणी उधळून मोकळी झाली, ती जागाही जपण्याची वस्तू आहे, हे अजून आपल्या गळी उतरलेले नाही. पुण्याच्या मंडईत जाऊन पाहा. गंगाधरपंत पाठकांनी १९१५ मध्ये तिथे आर्यन थिएटर सुरू केले. शहराचे ते पहिले चित्रपटगृह. १९८३ मध्ये ते पाडले गेले. आज मंडईत ‘आर्यन’ हे वाहनतळाचे नाव आहे आणि शेजारचा ‘मिनर्व्हा’ हाही वाहनतळच. भाजी घ्यायला आलेला माणूस गाडी ‘आर्यनला लावली’ असे सहज म्हणतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. तिथे काय होते हे सांगणारे काही आपण ठेवलेच नाही.

मग जे उरले आहे ते तरी कसे जपायचे? मुंबईत गेल्या काही वर्षांत याची तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली आहेत.

पहिले उत्तर रॉयल ऑपेरा हाउसचे. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी करका या दोघांनी उभारलेल्या या वास्तूचे उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते झाले. काम त्यानंतरही चालू राहिले. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ इथे गायले. पुढे तिचे चित्रपटगृह झाले, १९५२ मध्ये ती गोंडलच्या महाराजांनी विकत घेतली आणि १९९३ मध्ये तिची दारे बंद झाली. बंद पडलेल्या इमारतीचे मुंबईच्या पावसात काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. पाणी छतातून गिलाव्यात, गिलाव्यातून लाकडात आणि लोखंडात उतरते. २०१२ मध्ये जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली रंगाचे थर खरवडून मूळ छटा शोधल्या गेल्या, जुनी छायाचित्रे पाहून हरवलेले तपशील पुन्हा घडवले गेले, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये मामी चित्रपट महोत्सवाने पडदा पुन्हा उघडला. पुढच्या वर्षी युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत तिचा गौरव झाला. मालकाला वास्तूचे प्रेम असेल, पैसा असेल आणि घाई नसेल तर काय होऊ शकते, याचा हा नमुना आहे. मात्र तिथे आता प्रामुख्याने मैफली, नाटके, समारंभ होतात. रोज दुपारी तीनचा खेळ लागत नाही.

दुसरे उत्तर इरॉसचे. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडताच समोर दिसणारी ही १९३८ ची इमारत शोराबजी भेडवार यांची. आग्र्याचा लाल दगड आणि फिकट रंग यांचा तो पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारा कोपरा मुंबईच्या आर्ट डेकोची ओळख आहे. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात तिचाही वाटा आहे. अनेक वर्षे बंद राहिलेले इरॉस २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा उघडले. बाहेरून ते देखणे दिसते. आत, जिथे बाराशेच्या आसपास माणसे एका छताखाली बसत, तिथे आता सुमारे तीनशे आसनांचा आयमॅक्स पडदा आहे आणि उरलेल्या जागेत दुकान. पूर्ण पाडण्यापेक्षा हे शंभरपट बरे, हे आम्ही मनापासून मान्य करतो. तरीही इरॉस वाचले असे म्हणताना जीभ अडखळते.

अडखळण्याचे कारण वारसा नियमांत आहे. १९९५ पासून मुंबईत वारसा इमारतींची श्रेणीवार यादी आहे. देशातला तो पहिला प्रयत्न आणि त्याबद्दल या शहराचे कौतुकच केले पाहिजे. पण पहिल्या श्रेणीच्या खाली उतरले की आतल्या बदलांना आणि वापर बदलायला छाननी करून मुभा मिळते. कचेरीच्या इमारतीला हे चालते. टेबले हलली म्हणून इमारतीचे काही बिघडत नाही. थिएटरचे तसे नसते. रस्त्यावरून दिसते ते थिएटरचे दार. थिएटर आहे ते आत: पिटातून बाल्कनीकडे चढत जाणारा उतार, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचावा म्हणून वळवलेले छत, प्रोजेक्शन केबिनच्या छोट्या खिडकीतून पडद्यापर्यंत जाणारी प्रकाशाची मोकळी वाट. हे सारे एकमेकांना धरून रचलेले असते. त्यातला एक भाग काढला की उरलेल्याला अर्थ राहत नाही.

हे पाहायचे असेल तर लिबर्टीत जायला हवे. मरीन लाइन्सजवळचे हे थिएटर १९४९ मध्ये मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने सुरू झाले. दक्षिण मुंबईतली आलिशान थिएटरे तेव्हा इंग्रजी चित्रपट दाखवत. मेट्रो तर थेट हॉलिवुडच्या एमजीएमचे. हबीब हुसेन यांनी ठरवले की हिंदी चित्रपटालाही तसलेच वैभव मिळाले पाहिजे. देश नुकता स्वतंत्र झाला होता, म्हणून नावही लिबर्टी. त्याची आतली सजावट वामन मोरेश्वर नामजोशी या मराठी कलावंताची. पडद्याच्या दोन्ही अंगांना गोठलेल्या कारंज्यासारख्या उंच आकृती, त्यांच्या मागून झिरपणारा प्रकाश, लाकडाच्या पन्हळीदार भिंती. दिवे मंद होत जातात तसा छताचा रंग बदलतो आणि चित्रपट सुरू होण्याआधीच माणूस बाहेरचे जग विसरतो. याच नामजोशींनी पुढे जयपूरचे राजमंदिर घडवले. १९७६ मध्ये उघडलेल्या त्या थिएटरात आजही खेळ होतात आणि पर्यटक चित्रपट कोणता आहे हे न विचारता तिकीट काढतात. राजस्थानने नामजोशींचे काम आपल्या शहराचे भूषण मानले. महाराष्ट्रात किती जणांना त्यांचे नाव माहीत आहे? चित्रकार, शिल्पकार, नेपथ्यकार यांच्यावर आपल्याकडे ग्रंथ निघतात. लाखो लोक ज्याच्या कलाकृतीत बसले, त्या माणसाची साधी ओळखही नाही. लिबर्टीत १९९४ पासून ‘हम आपके हैं कौन’ शंभर आठवड्यांहून अधिक चालला. त्यानंतरच्या काळात रोजचे खेळ थांबले आणि महोत्सव, समारंभ यांच्यावर ते तग धरून राहिले. आत सगळे शाबूत आहे, नियमित प्रेक्षक मात्र नाही. हे तिसरे उत्तर.

तिन्ही उत्तरांत मालकाची बाजू समजून घेतलीच पाहिजे. मोक्याच्या जागी एक हजार खुर्च्यांचे सभागृह चालवायचे, त्यात आठवड्याच्या मधल्या दिवसांत पन्नास माणसे यायची, वीज, मालमत्ता कर आणि डोअरकीपरपासून ऑपरेटरपर्यंत सर्वांचे पगार मात्र पूर्ण द्यायचे. वारशाचे ओझे एका कुटुंबाच्या खांद्यावर टाकून बाकीच्यांनी हळहळायचे, हा अन्याय आहे. शिवाय हा घाटा निव्वळ काळाच्या ओघात आलेला नाही. राज्याच्या २००१ च्या धोरणाने मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षे करमणूक करात भरघोस सूट दिली. एकपडदा थिएटरे त्या वेळी पूर्ण कर भरत होती. सरकारने एका धंद्याला पैसा सोडून उभे केले, आणि दुसरा आपोआप मेला असे आपण म्हणतो. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट झाली. पण गळणारे छत तेवढ्याने दुरुस्त होत नाही.

यात मराठी चित्रपटाचा स्वार्थही आहे आणि तो उघडपणे मांडायला संकोच नको. मल्टिप्लेक्समध्ये खेळ मिळत नाहीत, मिळाले तर अडनिड्या वेळेचे मिळतात, ही निर्मात्यांची तक्रार जुनी आहे. २०१५ मध्ये सरकारला त्यासाठी वेळेचा आग्रह धरावा लागला होता. ज्या काळात अशी तक्रार नव्हती त्या काळात मराठी चित्रपटाला स्वतःची घरे होती. लालबागचे भारतमाता गिरणी कामगारांचे होते, गिरणीच्याच जमिनीवर उभे. त्या जमिनीवरून वाद झाला तेव्हा मराठी कलावंत आणि गिरणगावातले रहिवासी त्याच्या पाठीशी उभे राहिले. दादरचे प्लाझा १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटात हादरले आणि त्यातून पुन्हा उभे राहिले. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या प्रभातचा भाडेकरार २०१४ अखेर संपला तेव्हा अनेकांना वाटले, गेले. मालक किबे कुटुंबाने ते नूतनीकरण करून किबे लक्ष्मी या नावाने पुन्हा चालू केले. नाव गेल्याची रुखरुख आम्हालाही आहे. पण चौकात आजही लोक खेळाच्या वेळा पाहत उभे राहतात, आणि नाव व थिएटर यांत एकच वाचवायचे असेल तर थिएटर वाचवावे.

आमचे मागणे साधे आहे. वारसा यादीतल्या चित्रपटगृहांच्या बाबतीत सभागृहाला स्वतंत्र संरक्षण हवे: उतार, बाल्कनी, छत आणि पडद्याची चौकट यांना हात लावता येणार नाही, एवढे स्पष्ट लिहिलेले. त्या बदल्यात मालकाला न वापरता आलेला चटईक्षेत्र हक्क विकता यावा. वारसा इमारतींसाठी हस्तांतरणीय विकास हक्काची सोय मुंबईच्या नियमांत आधीपासूनच आहे. रोज किमान दोन खेळ चित्रपटांचे आणि बाकी वेळ गाणे, व्याख्यान, लग्नसमारंभ काहीही, अशी मोकळीक असावी. मल्टिप्लेक्सना मिळाली तेवढ्याच वर्षांची सूट या मोजक्या वास्तूंना मिळावी. आणि हे होईपर्यंत वास्तुकला महाविद्यालयांनी गावोगावच्या जुन्या थिएटरांची आतून मोजमापे घेऊन आराखडे काढून ठेवावेत. उद्या एखादी आग लागली तर पुन्हा काय बांधायचे हे निदान कागदावर असेल.

आगीचा अनुभव ताजा आहे. शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीच. सारा महाराष्ट्र हळहळला, कलावंतांना रडू आवरेना, होते तसेच ते पुन्हा बांधा अशी एकमुखी मागणी झाली आणि सरकारने निधी जाहीर केला. हे योग्यच झाले. नाटकाचे घर समाजाचे असते हे आपण मानतो, म्हणूनच पुण्यात १९६८ मध्ये महापालिकेने बालगंधर्व रंगमंदिर बांधले आणि राज्यातल्या कित्येक पालिका आपापली नाट्यगृहे तोटा सोसून चालवतात. त्यात कुणाला वावगे वाटत नाही. तसेच एक जुने चित्रपटगृह पालिकेने भाड्याने वा विकत घेऊन चालवायला काय हरकत आहे? सुरुवात कोल्हापुरातून व्हावी. बाबुराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तिथली, १९२९ मध्ये प्रभात जन्मली तीही तिथेच. केशवरावच्या पुनर्उभारणीत दगडाचे, लाकडाचे आणि ध्वनिरचनेचे काम ज्यांनी हाताळले, ते कारागीर आणि अभियंते त्याच शहरात मिळतील. त्यांच्या हातातले काम संपण्याआधी पुढचे थिएटर कोणते, हे महापालिकेने ठरवून टाकावे.