जहाजे पुन्हा भरली. आता प्रश्न माणशी जागेचा

कोविडच्या काळात ज्या व्यवसायाला सर्वाधिक दूषणे लागली, त्यांत क्रूझ पर्यटनाचा क्रमांक वरचा होता. बंदिस्त जागा, हजारो प्रवासी, एकत्र भोजन आणि भर समुद्रात कुठेही उतरण्याची सोय नाही, अशा प्रवासाला माणसे पुन्हा धजावतील का, अशी शंका तेव्हा व्यक्त होत होती. आकड्यांनी ती खोटी ठरवली. २०१९ मध्ये जगभरात सुमारे २ कोटी ९७ लाख लोकांनी क्रूझचा प्रवास केला होता. २०२१ मध्ये ही संख्या ४८ लाखांपर्यंत घसरली. २०२३ मध्ये मात्र ती ३ कोटी १७ लाखांवर आणि २०२४ मध्ये ३ कोटी ४६ लाखांवर पोचली. व्यवसाय सावरला, याबद्दल आता वाद नाही. जहाजावरच्या माणसाला हे सावरणे कसे जाणवते आणि ज्या बंदरात ती माणसे उतरतात त्या बंदराला ते किती पेलते, हा खरा प्रश्न आहे.

गोव्याला हा प्रश्न परका नाही. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून आलेले 'कॉर्डेलिया' हे जहाज मुरगाव बंदरात थांबवावे लागले. त्यावर सुमारे दोन हजार माणसे होती आणि तपासणीत ६६ जण बाधित आढळले. बंदरातून शहरात कोणाला सोडायचे, बाधितांना कोठे ठेवायचे, जहाज परत पाठवायचे की नाही, याचे निर्णय ऐन पर्यटन हंगामात घ्यावे लागले आणि शेवटी जहाज मुंबईला परतले. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरातील 'डायमंड प्रिन्सेस'वर ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना लागण झाली होती. त्या जहाजावर १३२ भारतीय कर्मचारी होते. दाटीचा अर्थ तेव्हा जगाला नव्याने समजला.

आता ही दाटी मोजतात कशी, ते पाहिले पाहिजे. क्रूझ कंपन्या 'शंभर टक्के भरलेले जहाज' म्हणतात, तेव्हा प्रत्येक खोलीत दोन माणसे असा हिशेब असतो. तिसरा आणि चौथा पलंग त्यात धरलेला नसतो. त्यामुळे हा आकडा शंभराच्या पुढे सहज जातो. कार्निव्हल या बड्या कंपनीची जहाजे २०२२ मध्ये सरासरी ७५ टक्के भरली होती. २०२३ मध्ये हे प्रमाण १०० आणि २०२४ मध्ये १०५ टक्के झाले. रॉयल कॅरिबियनने २०१९ मधील १०८ टक्क्यांची पातळी २०२४ मध्ये पुन्हा गाठली. म्हणजे 'आता फार गर्दी झाली' असे म्हणणाऱ्या प्रवाशाची तक्रार खोटी नसली, तरी तिचे माप अनेकदा चुकीचे असते. काही वर्षांपूर्वी अर्ध्या रिकाम्या जहाजाचे सुख ज्याने अनुभवले, त्याला पूर्वीचीच गर्दी आज नवी वाटते.

तरीही सारे केवळ वाटण्यावर सोडून चालत नाही. जहाजाचे 'ग्रॉस टनेज' हे वजनाचे नव्हे, आतील एकूण बंदिस्त जागेचे माप आहे. त्याला प्रवासी संख्येने भागले की माणशी जागेचा अंदाज येतो. मुंबई-गोवा मार्गावर आलेले 'एम्प्रेस' हे कॉर्डेलियाचे जहाज १९९० चे, सुमारे ४८,५६३ टनेजचे. खोलीमागे दोन माणसे धरली, तर त्यावर सुमारे १,६०० प्रवासी मावतात आणि माणशी माप ३० येते. १,८०० प्रवासी झाले की ते २७ वर उतरते. २०२४ मध्ये प्रवासी सेवेत आलेले 'आयकॉन ऑफ द सीज' २,४८,६६३ टनेजचे आहे. ५,६१० प्रवाशांना तेथे माणशी ४४ इतकी जागा मिळते; पण कमाल ७,६०० प्रवासी चढले की हे माप ३३ पर्यंत येते. जगातील सर्वांत मोठ्या क्रूझ जहाजांपैकी एक असलेले हे जहाजही पुरते भरले, की माणशी जागेच्या बाबतीत जुन्या, लहान जहाजाच्या जवळ जाऊन बसते. आकारावरून ऐसपैसपणा ठरवता येत नाही, तो ठरतो त्या तारखेला किती तिकिटे विकली गेली यावर.

आपल्याकडच्या फेऱ्यांना आणखी एक परिमाण आहे. मुंबई-गोवा प्रवास दोन-तीन रात्रींचा. आठवड्याच्या सफरीत माणूस पोहणे, नाटक, भोजन यांची वाटणी दिवसांवर करतो. येथे सर्वांना सर्व काही त्याच संध्याकाळी हवे असते. दिवाळीची सुटी आणि नाताळ यांत कुटुंबे एकाच खोलीत मुलांसह राहतात. अशा वेळी खोल्यांची संख्या तीच राहते, पण जेवणाची रांग, लिफ्ट आणि तलाव यांवरचा भार कितीतरी वाढतो.

गैरसोयीची गर्दी आणि धोक्याची गर्दी यांत मात्र फरक केला पाहिजे. कोकण किनाऱ्याला धोक्याच्या गर्दीची ओळख जुनी आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली. तेव्हाही परवान्यापेक्षा जास्त माणसे बोटीत असल्याचे उघड झाले. मोठ्या क्रूझ जहाजावर प्रमाणपत्रातील संख्या ओलांडता येत नाही. जीवरक्षक नौका त्या संख्येवरच ठरतात. तेव्हा परवान्याची खरी कसोटी मांडवीत संध्याकाळी फिरणाऱ्या बोटींवर लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये कॅसिनो ५० टक्के क्षमतेने सुरू करण्याचा आदेश निघाला होता. महामारीत जी संख्या सरकारला ठरवता आली, ती एरवी मोजता येत नाही असे म्हणण्यास जागा नाही.

तिसरी गर्दी बंदराबाहेरची. 'क्रूझ भारत मिशन'ने २०२९ पर्यंत देशातील क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे ध्येय ठेवले आहे. गोव्यात २०२४ मध्ये १ कोटीहून अधिक पर्यटक आले. २०१९ मध्ये ही संख्या सुमारे ८० लाख होती. दोन हजार प्रवासी एका सकाळी उतरले, तर पन्नास आसनांच्या चाळीस बसगाड्या वास्कोतून जुने गोवे, मंगेशी आणि फोंड्याच्या मसाल्याच्या बागांकडे एकाच वेळी निघतात. हे प्रवासी रात्री जहाजावर झोपतात आणि जेवणही बहुधा तेथेच घेतात. रस्त्यावरचा भार त्यामुळे पूर्ण, हॉटेलांचे उत्पन्न मात्र अत्यल्प. अलास्कातील जुनो शहराने दिवसाला येणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर मर्यादा घालून घेतली. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाने ही मर्यादा ८,००० ठरवली. पर्यटनावर जगणाऱ्या गावांनीच हे केले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या साऱ्यात आपल्या तारवटींचा विचार सर्वांत शेवटी होतो. गोव्यातील असंख्य घरे जहाजावरच्या नोकरीवर उभी आहेत. २०२० च्या उन्हाळ्यात हीच माणसे किनारा दिसत असूनही आठवडेच्या आठवडे जहाजांवर अडकली होती. व्यवसाय सावरल्याने त्यांच्या नोकऱ्या परत आल्या, ही मोठी दिलाशाची बाब. पण खोलीत दोनाऐवजी चार प्रवासी आले, की चादरी, ताटे आणि हाका दुपटीने वाढतात. खोल्या साफ करणारे हात तेवढेच राहतात. प्रवाशाची दाटी तीन दिवसांत संपते, तारवटीची करार संपेपर्यंत चालते.

म्हणून मुरगावात किती जहाजे आली याचा अभिमान बाळगताना, कोणत्या दिवशी किती माणसे उतरणार हे आधी जाहीर व्हावे. दोन मोठी जहाजे एकाच दिवशी आल्यास बसगाड्यांच्या वेळा विभागून द्याव्यात. साथ आढळल्यास बाधितांना कोठे न्यायचे, याची व्यवस्था हंगामापूर्वी लेखी असावी. २०२२ सारखी ऐनवेळची धावपळ पुन्हा नको. तिकीट काढणाऱ्यानेही दराबरोबर त्या तारखेला किती प्रवासी आहेत, हे विचारावे. जहाज भरणे ही कंपनीच्या नफ्याची गोष्ट. ते किती भरावे, यात प्रवाशाचा, तारवटीचा आणि बंदराच्या गावाचाही वाटा आहे.