पायलटचा खर्च, करातील सूट आणि आपली घरे

बारावी विज्ञान झालेली आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आता "पायलट व्हायचंय" असे सांगत आमच्याकडे येऊ लागली आहेत. आनंदाचीच गोष्ट आहे. पण सोबत येणारे पालक एक वाक्य हमखास बोलतात, "कर्ज काढू, टॅक्समध्ये सूट मिळतेच." ही सूट नेमकी कोणाला मिळते, ते पाहायला हवे.

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचे उड्डाण लागते. देशात हा खर्च साधारण चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. विशिष्ट विमानाच्या टाइप रेटिंगचे पैसे वेगळे.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट आहे, ती जुन्या कायद्यातील ८०ई या कलमाने दिलेली. ती फक्त व्याजावर मिळते, मुद्दलावर नाही. ३० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी घेतले, तर पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ३ लाख ३० हजार. जुन्या करपद्धतीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या पालकाचे यातून सुमारे ९९ हजार वाचतात. आता वार्षिक दहा लाख पगार असलेला आपला एखादा लिपिक घ्या. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून तो तिकडेच जाणार. तिथे ही वजावट नाही, आणि करच नसेल तर सूट कशातून मिळणार? सफाई कामगार, आशाताई, रिक्षाचालक यांच्या घरांचा तर प्रश्नच येत नाही. त्यांची अडचण आधीच सुरू होते, कारण साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात.

ज्यांना वजावट घेता येते, त्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्या वर्षी व्याज भरायला सुरुवात होते, तिथून आठ वर्षे मोजली जातात. लायसन्स मिळाले, नोकरी मिळाली नाही, तरी वर्षे सरत राहतात. न वापरलेली वजावट पुढे नेता येत नाही. त्यामुळे कर्ज कोणाच्या नावावर आणि व्याज कोण भरणार, हे सही करण्याआधी ठरवा. कर्जदार असलेल्या आई-वडिलांना मुलासाठी ही वजावट घेता येते.

आणखी एक विसंगती आम्हाला खटकते. विमान कंपनीने आपल्या वैमानिकांना प्रशिक्षण दिले, तर तो धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो. तेच प्रशिक्षण मुलाने स्वतःच्या पैशाने घेतले, तर पुढे पगारातून ती फी वजा करण्याची तरतूद नाही. भांडवलाला मिळते ते श्रमाला मिळत नाही!

खरा दिलासा दुसरीकडून आला, आणि त्याची चर्चा फार कमी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने ठरवले की डीजीसीए-मान्य फ्लाइंग स्कूलच्या ज्या मान्य अभ्यासक्रमांना पूर्णतेचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे, त्यांना जीएसटी लागणार नाही. ऑक्टोबरमध्ये तसे परिपत्रकही निघाले. १८ टक्के दराने ४० लाखांच्या फीवर ७ लाख २० हजार होतात. ही सूट पगार किंवा करपद्धत पाहत नाही, ती थेट बिलात उतरते. म्हणून प्रवेश घेताना फीचे विवरण लेखी मागा आणि जीएसटीची ओळ दिसली, तर ती कशावर लावली आहे ते विचारा.

तरीही ३०-४० लाख उरतातच. उत्तर प्रदेशातील फुरसतगंजच्या सरकारी उड्डाण अकादमीत राखीव जागा आहेत, पण जागा राखीव म्हणजे फी माफ नव्हे. महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत ओबीसी मुलांसाठी वैमानिक प्रशिक्षण हाती घेतले होते, म्हणजे राज्याला हे जमते. अर्थसंकल्पाच्या वेळी आयकराच्या टप्प्यांवर वाद घालण्यापेक्षा आपल्या संघटनांनी बार्टी आणि सामाजिक न्याय विभागाकडे पूर्ण फी आणि विनातारण कर्जाची हमी, या दोनच गोष्टी लेखी मागाव्यात. निवेदनासोबत फ्लाइंग स्कूलचे चालू वर्षाचे फीपत्रक जोडावे.