परीक्षा फक्त आठवणींचीच का?

अल्झायमरवर औषध सापडलं, अशी बातमी दर वर्ष-दोन वर्षांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. पुढे त्या औषधाचं काय झालं, ते कुणी टाकत नाही.

सेरोटोनिनच्या ५-एचटी६ या रिसेप्टरचं असंच झालं. हा रिसेप्टर मुख्यतः मेंदूतच असतो. तो अडवला की स्मरणाला लागणारं ॲसिटिलकोलिन वाढतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. नेहमीची डोनेपेझिलची गोळी हेच ॲसिटिलकोलिन लवकर तुटू देत नाही. दोन्ही एकत्र दिली तर दुप्पट फायदा! कागदावर हिशेब चोख होता.

इडालोपिरडीनने २७८ रुग्णांच्या चाचणीत आशा दाखवली. अडीच हजारांवर रुग्णांच्या तीन मोठ्या चाचण्यांत ती टिकली नाही. २०१७ मध्ये इंटेपिरडीनही आपटलं. मग आपल्या हैदराबादच्या सुवेनचं मासुपिरडीन अमेरिकेत पाचशेहून अधिक रुग्णांवर तपासलं गेलं. २०१९ मध्ये उत्तर तेच आलं: शब्द आठवणं, वस्तूंची नावं सांगणं यांच्या गुणांत फरक नाही.

मात्र तीच आकडेवारी पुन्हा चाळल्यावर, जे रुग्ण आधीपासून अस्वस्थ, चिडचिडे होते त्यांच्यातली अस्वस्थता कमी झालेली दिसली. म्हणून आता नवी चाचणी खास त्यासाठी.

'नापास झाले म्हणून विषय बदलला,' असं एक मित्र म्हणाला. त्याचा संशय रास्त आहे. निकालानंतर शोधलेला फायदा नव्याने सिद्ध करावाच लागतो. पण हा विषय दुय्यम आहे, हे मला पटत नाही. माझ्या मावशीच्या सासूबाई संध्याकाळ झाली की 'मला घरी सोडा' म्हणत दाराची कडी काढायच्या, अडवलं तर हात उगारायच्या. त्या नाव विसरल्या याचं मावशीला वाईट वाटायचं, पण ती खचली ती रात्र-रात्र जागून. घरं मोडतात ती इथे.

आणि आज या त्रासावर आहे तरी काय? २०२३ मध्ये अमेरिकेत ब्रेक्सपिपराझोलला मान्यता मिळाली. तेही सेरोटोनिनच्या काही रिसेप्टरांवर काम करतं. पण स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा त्याच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापलेला असतो. तो वाचून गोळी द्यायची की नाही, हे मावशीसारखीच कुणीतरी ठरवत असते, तेही अर्धवट झोपेत.