गरीब बिचारी कोळंबी?

कोळंबी म्हटलं की आपल्याला आठवते ती रविवारची खिचडी. (मेसमध्ये नव्हे, घरी!) त्यामुळे एक कोळंबी दुसरीचा जीव घेते असं सांगितलं की आधी हसूच येतं. पण घरी खाऱ्या पाण्याचा फिशटँक ठेवणाऱ्यांना हा अनुभव खरोखर येतो. मग ते म्हणतात, "इतकी शांत जात, अचानक काय झालं हिला?" माझ्या मते अचानक काहीच होत नाही.

'क्लीनर श्रिंप'चंच घ्या. ५-६ सेंटिमीटरची, पाठीवर लाल पट्टे, मधोमध पांढरी रेघ, लांब पांढऱ्या मिशा. मोठे मासे तिच्यासमोर तोंड उघडून थांबतात आणि ही त्यांच्या अंगावरचे परजीवी वेचून खाते. एवढी सेवाभावी म्हटल्यावर दुकानदार 'पीसफुल' सांगून विकणारच! एक छान दिसते म्हणून लोक तीन-चार आणतात, आणि काही दिवसांनी त्यातली एक मेलेली सापडते.

२०११ साली वाँग आणि मिखिल्स या संशोधकांचा याच जातीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन, तीन आणि चार कोळंब्यांचे गट वेगवेगळे ठेवून पाहिले. मोठ्या गटांत मारामाऱ्या होऊन शेवटी जोडीच उरली. बळी जायची ती बहुधा नुकती कात टाकलेली, कारण तेव्हा कवच मऊ असतं. बरं, नर मादीसाठी भांडतात म्हणावं तर तसंही नाही. यांच्यात पूर्ण वाढलेली प्रत्येक कोळंबी नर आणि मादी दोन्ही असते. खाण्यावरून होणारी स्पर्धा हे कारण असावं, असं त्यांनी मांडलं.

म्हणजे जोडीने राहणं हा तिचा स्वभावच. दोष आपल्या टाकीचा आहे. आपल्याकडे दोघांच्या रूममध्ये तिसऱ्याची कॉट टाकली आणि भांडण झालं, तर तो निदान मित्राच्या रूमवर झोपायला जातो. समुद्रातही हरलेल्या कोळंबीला पळायला जागा असते. काचेच्या पेटीत ती कुठे जाणार? बीम मोडला तर आपण त्याला 'रागीट' म्हणत नाही. लोड किती होता, सपोर्ट कुठे होता ते बघतो. मग इथेच स्वभावाला दोष का?

कुणी म्हणेल, "अरे, कोळंबी तर आपण खातोच की!" खातो ना. पण पोटासाठी खाणं वेगळं, आणि शोभेसाठी आणून न समजता मरू देणं वेगळं. शिवाय या जातीची पिल्लं मोठी व्हायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे टाकीत पैदास अवघड. विकायला येतात त्या बहुतेक समुद्रातून पकडलेल्या.

तेव्हा ठेवायचीच असेल तर एक किंवा दोन ठेवा, आणि कात टाकताना लपायला दगडांत कपारी ठेवा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची 'बॉक्सर श्रिंप' हवी असेल तर नर-मादीची जमलेली जोडीच घ्या. दोन नर किंवा दोन माद्या एका टाकीत जीव जाईपर्यंत भांडू शकतात. दुकानात किंमत विचारायच्या आधी एवढंच विचारा, "ही समुद्रात किती जणींबरोबर राहते?" उत्तर आलं नाही, तर पैसे खिशातच बरे!