राज्य मोडायचं तर कुणाला विचारून?



पारनेर हा सेनापती बापटांचा गाव. 1880 साली ते इथे जन्मले आणि उतारवयातही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उभे राहिले. ह्याच तालुक्यातून पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या आम्हां लोकांना म्हणून एक सवाल विचारायचा आहे. एखादं राज्य मोडायचं वा जोडायचं, तर त्या राज्याला विचारावं लागतं की नाही?

अमेरिकेत लागतं. तिथे 13 राज्यं आधी होती, 1787 ची घटना मागाहून लिहिली गेली. राज्यांनी काही अधिकार मोजून मध्यवर्ती सरकारला दिले, बाकीचे आपल्या गाठीला ठेवले. आणि चौथ्या कलमात कुलूपच घातलं: एका राज्याच्या पोटातून दुसरं काढायचं किंवा दोन राज्यं एक करायची, तर त्या त्या विधिमंडळाची संमती पाहिजे, शिवाय काँग्रेसचीही. (ही काँग्रेस म्हणजे तिथली पार्लमेंट, आपल्या ओळखीची नव्हे.) 1820 साली मेन हे राज्य वेगळं झालं, ते मॅसॅच्युसेट्सनं होकार दिल्यावरच. 1863 साली यादवी चालू असताना वेस्ट व्हर्जिनिया काढलं, तेव्हासुद्धा युनियनच्या बाजूच्या व्हर्जिनिया सरकारकडून संमतीचा कागद करून घेतला. संमती देणारे आणि मागणारे बव्हंशी एकच होते ही गोष्ट वेगळी, पण कागद लागलाच!

आपल्याकडे घटनेचं तिसरं कलम आहे. त्याप्रमाणे राज्य करणं, मोडणं, हद्द आणि नाव बदलणं हे सारं संसदेच्या हाती. राष्ट्रपतींनी बिल त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवायचं, इतकंच. मत मानलंच पाहिजे असं नाही.

1956 साली काय झालं ते बघा. मुंबई विधिमंडळापुढे जे बिल मतासाठी आलं त्यात तीन तुकडे होते: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, मुंबई केंद्राच्या ताब्यात. दिल्लीत गेल्यावर त्याच बिलाचं द्विभाषिक मुंबई राज्य झालं, आणि ते पुन्हा विधिमंडळाकडे आलंच नाही. गिरणीत पाळीची वेळ बदलायची नोटीस लागते, हरकती मागवतात, आणि भोंगा वाजतो तिसऱ्याच वेळेला. विचारायला जावं तर जबाब मिळतो, नोटीस लावली होती ना?

बाबूलाल पराते ह्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 1959 च्या ऑगस्टात निकाल लागला: बिल एकदा पाठवलं की पुरे, संसदेनं बदल केला म्हणून पुन्हा पाठवण्याची जरुरी नाही. अमेरिकेतल्या वसाहती संघात येण्याआधी स्वतंत्र होत्या, आपले प्रांत तसे नव्हते, हेही कोर्टानं सांगितलं. पुढे 2014 साली आंध्रच्या विधानसभेनं बिल फेटाळलं, तरी तेलंगण झालंच.

मग अमेरिकेचं कुलूप आणावं काय? आमच्यातले काही गडी तसं म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. 1953 साली तेलुगू लोकांना आंध्र मिळाला. तिथे कुलूप असतं तर किल्ली मद्रासच्या विधिमंडळाकडे राहिली असती. 1960 साली आमचा महाराष्ट्रही संसदेच्या कायद्यानंच झाला. संसदेचा हा अधिकार आम्हांला दोन्ही बाजूंनी लागला आहे, 1956 ला पाठीवर आणि 1960 ला पदरात. आणि तो पदरात पडला तो शंभरावर हुतात्म्यांच्या रक्तामुळे आणि 1957 च्या मतपेट्यांमुळे, कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे.

आमची मागणी लहान आहे. बिलाचा गाभा बदलला तर ते परत विधिमंडळापुढे आलं पाहिजे, आणि ते मत डावलायचं तर संसदेनं कारण लेखी दिलं पाहिजे. ह्यासाठी तिसरं कलम दुरुस्त करावं लागेल. अमेरिकेत घटनादुरुस्तीला तीनचतुर्थांश राज्यांचा होकार लागतो. आपल्याकडे ह्या कलमापुरती राज्यांची मंजुरी लागतच नाही, संसदेचं विशेष बहुमत पुरतं. म्हणजे गाठायचा तो खासदार. मतं मागायला तो पारनेरला येईल, तेव्हा त्याला भर सभेत विचारा: तिसऱ्या कलमाचं काय करणार?